नुसतं ऐकलेलं ‘हॅमिल्टन’: लॉरेन्स कुठे गेला?

मधली_सुट्टी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

आधीच सांगून टाकते, मी ‘हॅमिल्टन’ पाहिलेलं नाही. म्हणजे ब्रॉडवेवरचं (न्यूयॉर्कच्या मोठ्या नाट्यगृहांतलं) ते संगीत नाटक, अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक अलेक्झांडर हॅमिल्टन याच्यावरचं. ना रंगमंचावर, ना पडद्यावर. फक्त ऐकलंय. भाचीने अल्बमचा दुवा पाठवला आणि खाली लिहिलं, “मावशी, क्रमाने ऐक. मध्ये उठू नकोस. आणि कुठेही काही शोधून वाचू नकोस.”

पहिली अट मी पहिल्याच दिवशी मोडली, तीही नकळत. ज्या अ‍ॅपवर ऐकत होते, त्याच्या फुकट आवृत्तीत गाणी त्याच्या मर्जीने उलटसुलट लागतात. त्यामुळे माझ्या ‘हॅमिल्टन’मध्ये आधी मुलगा मेला, मग आईबापांचं लग्न झालं, मग एक राजा येऊन लाडेलाडे धमक्या देऊन गेला आणि सगळ्यात शेवटी नायक न्यूयॉर्कला पोचला. मी थक्क! म्हटलं काय प्रयोगशील नाटक आहे. भाचीला तसं कळवलं, तर तिकडून नुसत्या हसण्याच्या बाहुल्या.

मग रीतसर क्रमाने ऐकलं. ४६ तुकडे, जवळपास दोन तास बावीस मिनिटं. पहिल्यांदा अर्धं कळलं नाही. दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून ऐकलं. आता बहुधा सहावी-सातवी खेप आहे, आणि माझ्या डोक्यात एक अख्खं नाटक उभं राहिलंय, ज्याचा खऱ्या नाटकाशी किती संबंध आहे देव जाणे. माझा आरन बर (हॅमिल्टनचा प्रतिस्पर्धी आणि गोष्ट सांगणारा) उंच आणि किडकिडीत आहे. माझी अँजेलिका (हॅमिल्टनची मेहुणी) कायम जिन्यावर उभी असते. का, ते मला विचारू नका.

पण एका ठिकाणी अडलेय. जॉन लॉरेन्स हा हॅमिल्टनचा जिवलग दोस्त. पहिल्या अंकात सगळीकडे आहे, पैजा मारतो, द्वंद्व खेळतो, युद्धात उतरतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली यॉर्कटाउनची लढाई होते, आणि मग गडी गायब! कुणी त्याचं नाव काढत नाही. शेवटच्या द्वंद्वाच्या वेळी मात्र हॅमिल्टनला पैलतीरावर गेलेली माणसं दिसतात, त्यात लॉरेन्स आहे. म्हणजे तो मेला. कधी? कसा? मी बाविसावं गाणं ऐकलं, तेविसावं ऐकलं, परत मागे गेले. माझ्याकडून एखादं गाणं सुटलंय का? की अ‍ॅपने गाळलं?

आणि गोंधळात भर म्हणजे दुसऱ्या अंकात मला त्याचाच आवाज ऐकू आला.

---

कानसेन

वा, मस्त धागा. तुमचे कान तयार आहेत, आवाज बरोब्बर ओळखलात. लॉरेन्स आणि हॅमिल्टनचा मुलगा फिलिप ही दोन्ही कामं अँथनी रामोसनेच केली आहेत. पहिल्या अंकातले बरेच जण दुसऱ्या अंकात दुसऱ्या भूमिकेत येतात. फ्रेंच सरदार लाफाएत झालेला दवीद डिग्ज पुढे हॅमिल्टनचा राजकीय विरोधक जेफरसन होतो. दोस्त मलिगनचा विरोधक मॅडिसन होतो. हॅमिल्टनच्या सासरच्या, स्कायलरांच्या तीन बहिणींतली धाकटी पेगी, जिच्या वाट्याला स्वतःचं नाव गाण्यापलीकडे फारसं काही येत नाही, तीच मारिया रेनॉल्ड्स बनून येते आणि हॅमिल्टनचं घर मोडायची वेळ आणते. रंगमंचावर कपडे बदललेले दिसतात, तुम्हाला नुसता गळा मिळतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला ही भुतं जास्त जाणवतात असं माझं मत.

मधल्या प्रश्नाचं उत्तर माहीत आहे, पण भाचीच्या अटीचा मान राखून गप्प बसतो.

---

उगाच_एक

अहो त्यात काय गप्प बसायचं, तो तर

---

चष्मेवाली

@उगाच_एक थांबा!! निदान ताईंना विचारा तरी, सांगू का म्हणून.

---

उगाच_एक

बरं थांबलो. पण मला या सगळ्याचीच गंमत वाटते. नाटक ही पाहायची गोष्ट. ऐकून नाटक कळतं म्हणणं म्हणजे पाककृती वाचून ढेकर देणं. त्यात हे रॅप. चाल नाही, आलाप नाही, धाडधाड बोलत सुटायचं. आणि स्पॉयलरचं कसलं घेऊन बसलात? पहिल्याच गाण्यात बर सांगून मोकळा होतो की याला गोळी घालणारा मूर्ख मीच.

---

तिसरी_घंटा

@उगाच_एक, तीन मुद्दे एका दमात मांडलेत, पैकी शेवटचा मान्य. आपला सूत्रधार नांदी संपल्यावर नाटकाचं नाव सांगतो, हा सूत्रधार खुनाची कबुली देतो. सगळा खेळच त्यावर आहे. काय होणार हे पहिल्या चार मिनिटांत कळतं, उरलेले सव्वादोन तास ‘का’ कळण्यात जातात.

पण “धाडधाड बोलत सुटायचं” याला माझी हरकत आहे. तुम्ही पोवाडा ऐकलाय ना? शाहीर काय करतो? इतिहास सांगतो. मध्येच चाल सोडून गद्यावर येतो, श्वास न घेता वीस ओळी फेकतो, लढाई आली की लय चढते, आणि मागे झीलकरी शेवटचा शब्द उचलून धरतात. ‘हॅमिल्टन’च्या समूहाचं काम ऐका, तेच आहे. ‘माय शॉट’मध्ये किंवा यॉर्कटाउनच्या लढाईत मागची मंडळी काढून टाका, डफाशिवाय शाहीर उभा केल्यासारखं होईल. आमच्या घरी आजोबांना हे ऐकवलं होतं. इंग्रजी शब्द एक कळला नाही, पण मान डोलावून म्हणाले, “कुठली लढाई आहे रे?” लढाई आहे हे त्यांना कळलं!

चालीचं म्हणाल तर या नाटकात कोण कसं गातो यावरच माणसं ओळखायची आहेत. इंग्लंडचा राजा किंग जॉर्ज तिन्ही वेळा तीच चाल घेऊन येतो, साठच्या दशकातल्या ब्रिटिश पॉपसारखी, प्रेमभंग झालेल्या माणसाची. बाकी सगळे पुढच्या शतकात जाऊन बोलतायत आणि हा आपला त्याच धुनेत अडकलेला. लाफाएत सुरुवातीला इंग्रजी शब्दासाठी अडखळतो, आणि ‘गन्स अँड शिप्स’ला येईतो सगळ्या नाटकात सगळ्यात वेगाने तोच बोलतो. त्याचं इंग्रजी सुधारलं हे कुणी सांगत नाही, कानाला कळतं. मग तोच नट जेफरसन होऊन फ्रान्सहून परततो तेव्हा त्याचं गाणं हिपहॉप नाहीच, जुन्या जॅझच्या अंगाचं आहे. हा माणूस क्रांतीच्या वेळी इथे नव्हता, त्याला इथली भाषा अजून ठाऊक नाही. हे सगळं डोळे मिटून कळतं.

---

उगाच_एक

पोवाड्याचं पटलं. बाकी ऐकून सांगतो.

(हो, अजून ऐकलं नाहीये. पहिलं गाणं तेवढं कुठेतरी कानावर पडलं होतं. मारा.)

---

चष्मेवाली

=)) =))

---

निमूट

सहसा लिहीत नाही, पण ‘सॅटिस्फाइड’चा विषय कुणी काढलाच नाही म्हणून.

दहावं गाणं ‘हेल्पलेस’. एलायझा हॅमिल्टनला पाहते, प्रेमात पडते, पत्रं, वडिलांची परवानगी, लग्न. गोड, उडतं, साधं. अकरावं सुरू होतं ते लग्नाच्या मेजवानीत, मोठी बहीण अँजेलिका नवराबायकोसाठी चार शब्द बोलायला उभी राहते. बोलता बोलता काळ उलटा फिरतो. म्हणजे खरोखर, ध्वनिमुद्रणात टेप मागे ओढल्यासारखे आवाज येतात, मघाच्या गाण्यातली वाक्यं तुटून तुटून कानावर पडतात आणि आपण परत त्याच संध्याकाळी, त्याच दिवाणखान्यात. तीच भेट, पण आता अँजेलिकाच्या बाजूने. एलायझाच्या गाण्यात जी एक ओळ होती, बहीण त्याला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आली, त्या ओळीच्या आत एवढं मोठं घडलं होतं.

मी हे पहिल्यांदा हेडफोन लावून ऐकलं तेव्हा काळ मागे जायला लागल्यावर वाटलं फाइल बिघडली. खरंच बंद करून परत लावली. दुसऱ्यांदाही तिथेच ‘बिघडली’ तेव्हा अंगावर काटा आला.

नंतर पडद्यावर पाहिलं. तिथे फिरता रंगमंच आहे, नर्तक सगळ्या हालचाली उलट्या करत जातात, सुंदरच आहे. पण डोळ्यांना लगेच कळतं की हे मागे जातायत. ती जी दोन सेकंदं मी हरवलो होतो, ती काही परत मिळाली नाहीत.

---

कानसेन

@निमूट, कमी लिहिता पण काय लिहिता. +१

---

गद्य_माणूस

सगळे प्रेमात आहेत तर थोडं पाणी ओततो. इतिहास म्हणून हे ऐकू नका. अँजेलिकाचं लग्न १७७७ मध्येच झालं होतं. हॅमिल्टन आणि एलायझाचं जमलं १७८० मध्ये, तेव्हा ती दोन्ही बहिणींपैकी एकीने त्याग करायची संध्याकाळ आलीच नव्हती. वडिलांना मुलगा नाही म्हणून थोरलीवर जबाबदारी, असं ती गाते. स्कायलरसाहेबांना मुलगे होते. फिलिपचा मृत्यू १८०१ च्या नोव्हेंबरचा, नाटकात तो १८०० च्या निवडणुकीआधी येतो.

आणि मोठा मुद्दा, गुलामगिरी. वॉशिंग्टन, जेफरसन, खुद्द स्कायलर, सगळ्यांकडे गुलाम होते. नाटकात जेफरसनला एक चिमटा आणि इकडेतिकडे एखादी ओळ, बस. गोऱ्या नेत्यांच्या भूमिका कृष्णवर्णीय आणि लॅटिनो नटांनी करायच्या ही कल्पना जबरदस्तच, पण त्या काळातला एकही गुलाम या गोष्टीत पात्र म्हणून बोलत नाही, यावर इतिहासकारांनी टीका केली आहे आणि ती मला रास्त वाटते.

आधार म्हणाल तर रॉन चेर्नोने लिहिलेलं हॅमिल्टनचं २००४ चं चरित्र. हे नाटक लिहिणाऱ्या लिन-मॅन्युएल मिरांडाने ते सुट्टीत वाचायला नेलं आणि तिथून हे सुरू झालं. २००९ च्या मे महिन्यात व्हाइट हाउसमध्ये त्याने पहिलं गाणं म्हणून दाखवलं. आधी सांगितलं, एका अशा माणसावर लिहितोय ज्याच्यात हिपहॉप ठासून भरलंय, अलेक्झांडर हॅमिल्टन. लोक हसले. तेव्हा नाटकाचा पत्ता नव्हता, तो गाण्यांचा अल्बमच करणार होता. म्हणजे धागाकर्तीने नुसतं ऐकलं यात काही पाप नाही, मूळ बेत तोच होता.

---

तिसरी_घंटा

हे शेवटचं छान सांगितलंत. आधी अल्बम, मग नाटक हा रस्ता तसा मळलेलाच आहे. ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ १९७० साली आधी तबकडीवर आलं, ब्रॉडवेवर १९७१ मध्ये. ‘एव्हिटा’ची तबकडी १९७६ ची, नाटक १९७८ चं. ‘ले मिझराब्ल’सुद्धा १९८० मध्ये आधी फ्रेंचमध्ये ध्वनिमुद्रित झालं.

---

चष्मेवाली

एक बाळबोध शंका. ही रेकॉर्डिंग प्रयोग चालू असतानाची असतात का? टाळ्या, हशा काहीच कसं नाही?

---

कानसेन

नाही, स्टुडिओत. ‘हॅमिल्टन’ ब्रॉडवेवर रिचर्ड रॉजर्स थिएटरात उघडलं ६ ऑगस्ट २०१५ ला, आणि त्याच महिन्यात मंडळी न्यूयॉर्कच्या अ‍ॅव्हटार स्टुडिओत गाऊन आली. सप्टेंबरअखेर अल्बम बाहेर. संध्याकाळी प्रयोग आणि दिवसा माइकसमोर. वाद्यवृंद फक्त दहा जणांचा आहे, अ‍ॅलेक्स लॅकमोरने बांधलेला, विश्वास बसत नाही ऐकताना. अल्बमच्या निर्मात्यांमध्ये ‘द रूट्स’ या हिपहॉप बँडचे क्वेस्टलव्ह आणि ब्लॅक थॉट, म्हणून त्यातला ढोल नाटकाच्या रेकॉर्डसारखा न वाजता हिपहॉपच्या रेकॉर्डसारखा छातीवर बसतो.

जुन्या काळी इतकी ऐट नव्हती. ब्रॉडवेच्या कलाकार संघटनेचा नियम होता की रेकॉर्डिंगच्या एका दिवसाला आठवड्याचा पगार द्यायचा. त्यामुळे कंपनी सगळं एका दिवसात उरकायला बघायची, आणि तो दिवस बहुतेक रविवार, कारण त्या दिवशी प्रयोग नसे. ‘माय फेअर लेडी’ १५ मार्च १९५६ ला उघडलं आणि २५ मार्चच्या रविवारी तबकडीसाठी गाऊनही झालं. ‘कंपनी’ या नाटकाच्या १९७० च्या रेकॉर्डिंगवर पेनबेकरने माहितीपट केलाय, मिळाला तर सोडू नका. उत्तररात्र उलटलीय, सगळे पेंगुळलेत, आणि नटी इलेन स्ट्रिचचा आवाज पार बसलाय. एकाच गाण्याचे टेकवर टेक, दर वेळी आधीपेक्षा वाईट, काचेपलीकडे बसलेल्यांची तोंडं बघवत नाहीत. शेवटी तिच्याशिवाय नुसता वाद्यवृंद भरून घेतात आणि तिला घरी पाठवतात. नंतर एके दिवशी ती नटूनथटून येते, त्यावर गाते आणि काय गाते!

त्याच्याही मागे गेलं तर १९४३ चं ‘ओक्लाहोमा!’. डेक्का या रेकॉर्ड कंपनीने मूळ नटसंच आणि मूळ वाद्यवृंद घेऊन ७८ च्या तबकड्यांचा संच काढला. फोटोंच्या वहीसारख्या पुठ्ठ्याच्या बांधणीत तबकड्या घातलेल्या, ‘अल्बम’ शब्द अशा बांधणीवरूनच आलेला. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, त्यात बसेल तेवढंच गाणं. आपल्याकडे गंधर्वांची पदंही त्याच मापात कापलेली आहेत, प्रयोगात तासभर रंगणारं पद तबकडीवर तीन मिनिटांत आटपलेलं. जे उरलं ते आपण ऐकतो, जे गेलं ते ऐकलेल्यांबरोबर गेलं.

---

मधली_सुट्टी

किती लिहिलंत सगळ्यांनी! कानसेन, तो माहितीपट शोधतेच.

माझाही एक शोध सांगते, बघा बरोबर आहे का. ‘टेक अ ब्रेक’मध्ये एलायझा लहानग्या फिलिपला पियानो शिकवत असते, फ्रेंचमध्ये आकडे मोजत, एक ते नऊ. ती म्हणते, तो म्हणतो. मग तो वात्रटपणा करतो, सात-आठ-नऊला चाल स्वतःची लावतो. आई परत सात-आठ-नऊ म्हणून दाखवते, नीट म्हण. तो पुन्हा तेच. हसू येतं आपल्याला.

मग पुढे द्वंद्वात दहापर्यंत मोजायचं असतं, दहाला गोळी झाडायची, तर सातलाच समोरचा गोळी घालतो. आणि मरताना आई त्याच्याशेजारी बसून तेच फ्रेंच आकडे मोजायला लागते. तोही म्हणतो. मग एकटीच उरते, सात आठ नऊ, सात आठ… आणि ‘नऊ’ येतच नाही.

पियानोच्या वेळीही त्याचं बिनसलं होतं ते सातपासूनच. हे मला चौथ्या खेपेला ऐकू आलं, आणि मी हातातलं काम खाली ठेवून बसून राहिले. पाहताना हे कळलं असतं का मला? समोर मूल मरताना दिसत असेल तर आकडे कोण मोजतंय!

---

निमूट

मला नव्हतं कळलं. पाहून आणि ऐकूनही.

---

तिसरी_घंटा

दंडवत घ्या ताई.

---

उगाच_एक

ऐकलं. पहिला अंक. एका बैठकीत.

शब्द समोर ठेवावे लागले, वीस हजारांवर शब्द आहेत म्हणे, माझ्या कानाला त्यातले हजारभर लागले असतील. राजाचं गाणं तीनदा ऐकलं, लाज वाटतेय पण आवडलं. आणि आता तुमच्या लॉरेन्सचा प्रश्न मलाही पडलाय, कारण मी जे सांगणार होतो ते “तो युद्धात मेला” एवढंच होतं. हे इतिहासातलं. पण अल्बममध्ये ते खरंच कुठेच नाही! बाविसावं गाणं म्हणजे बर आणि हॅमिल्टन आपापल्या तान्ह्या बाळांना अंगाई म्हणतात, आणि लगेच तेविसावं, ‘नॉन-स्टॉप’, हॅमिल्टन वकिली करतोय, लिहितोय, लिहितोय, लिहितोय. मध्ये काय?

---

मधली_सुट्टी

आता सांगाच कुणीतरी. भाचीला विचारलं, ती म्हणाली, “तूच ठरव मावशी, तुझी तू मोठी आहेस.” ठरवलं. सांगा.

---

कानसेन

तुमच्याकडून काही सुटलेलं नाही आणि अ‍ॅपनेही गाळलेलं नाही (या वेळी तरी). मिरांडाने स्वतःच ते अल्बममध्ये घेतलं नाही. त्याने कारणंही सांगितली होती. एक तर ते गाणं कमी आणि प्रवेश जास्त आहे, आणि दुसरं म्हणजे नाट्यगृहात येणाऱ्यांसाठी एक तरी गोष्ट राखून ठेवायची होती. बाकी नाटक जवळजवळ सबंध गाण्यांतच आहे, म्हणून तर अल्बम ऐकून गोष्ट कळते.

खरा लॉरेन्स २७ ऑगस्ट १७८२ ला पडला, दक्षिण कॅरोलायनात, कंबाही नदीजवळ. यॉर्कटाउनच्या नंतर, युद्ध जवळपास संपलेलं असताना, एका चकमकीत. गुलामांना स्वातंत्र्य देऊन त्यांची पलटण उभी करायची ही त्याची धडपड होती.

नाटकात असं आहे. अंगाई संपते. एलायझा येते, म्हणते तुझं पत्र आलंय. हॅमिल्टन म्हणतो, जॉन लॉरेन्सचं आहे, नंतर वाचतो. ती म्हणते, नाही, त्याच्या वडिलांचं आहे. तो म्हणतो, वाच. ती वाचते. मागे कुठेतरी लॉरेन्स पहिल्या अंकातलीच त्याची ओळ गात असतो. वाचून झाल्यावर ती विचारते, बरा आहेस ना? आणि हा एवढंच म्हणतो की मला खूप काम आहे.

आणि ‘नॉन-स्टॉप’ सुरू होतं.

---

निमूट

त्या शेवटच्या वाक्यामुळे पुढचं सगळं गाणं बदलतं. अल्बममध्ये ‘नॉन-स्टॉप’ ही महत्त्वाकांक्षा आहे. बाकीचे विचारतात, वेळ संपत चालल्यासारखा का लिहितोस? ऐकताना वाटतं, हुशार आहे, घाई आहे त्याला. तो प्रवेश पाहिल्यावर तेच गाणं दुखवटा टाळणाऱ्या माणसाचं होतं.

---

गद्य_माणूस

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मी पडद्यावर पाहिलंय, २०१६ च्या जूनमध्ये मूळ संचासह चित्रित केलेलं आणि २०२० च्या जुलैत आलेलं. तो प्रवेश त्यात आहे, मी “बरं, हाही गेला” म्हणून पुढे गेलो होतो. आधी तारखा तपासायची सवय, दुसरं काय.

---

तिसरी_घंटा

असंच ‘विकेड’मध्येही एक गाणं मूळ अल्बमवर घेतलं नव्हतं, त्यात संवाद फार आणि गुपित फुटतं म्हणून. पण तिथे नुसतं गुपित राखलंय. इथे वगळल्यामुळे ऐकणाऱ्याचा हॅमिल्टन आणि पाहणाऱ्याचा हॅमिल्टन ही दोन वेगळी माणसं झाली, हे मला जास्त भारी वाटतं. आता विचार करतोय की माझा कुठला. मी आधी वर्षभर ऐकलं होतं. माझा अजूनही घाईवालाच आहे बहुतेक.

---

चष्मेवाली

मी उलटी. आधी पाहिलं. त्यामुळे अल्बम ऐकताना बाविसाव्या आणि तेविसाव्याच्या मध्ये मला दर वेळी पायरी चुकल्यासारखं होतं. का ते आज कळलं.

अवांतर: शेवटच्या द्वंद्वात संगीत थांबतं, त्याबद्दल कुणी लिहिणार आहे का? दोन तास ठोका सुटत नाही आणि तिथे ठोकाच नाही, नुसता त्याचा आवाज. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा श्वास घ्यायला विसरले होते.

---

उगाच_एक

@चष्मेवाली माझा दुसरा अंक राहिलाय!!! स्पॉयलर!!!

---

चष्मेवाली

=)) बघा कोण बोलतंय!

---

मधली_सुट्टी

सगळ्यांचे आभार. काल रात्री पहिला अंक परत लावला. आता सगळं माहीत आहे, तरी अल्बम काही बदलला नाही, अंगाई संपली की लगेच तेविसावं धावत येतं. मी बाविसाव्याच्या शेवटी बोटाने थांबवलं. दिवाणखान्यात पूर्ण शांतता. मनात ते पत्र वाचलं, वडिलांच्या अक्षरातलं, म्हणजे मी कल्पना केली तसल्या अक्षरातलं. मग लावलं.

भाची तिकडून एकाच वेळी माझ्याबरोबर ऐकत होती, फोनवर. तिचं चालू राहिलं, माझं थांबलेलं. थोड्या वेळाने म्हणाली, “मावशी? नेट गेलं का तुझं?”

---

उगाच_एक

मग काय सांगितलंत?

---

मधली_सुट्टी

हो म्हटलं. गेलं होतं जरा.